आडोसा भिंतीपाशीच हवा असे नाही

प्रश्न: आमच्या घराच्या पश्चिमेला १२ मीटर लांबीची आणि दीड मीटर उंचीची कुंपणभिंत आहे. भिंतीपलीकडची जागा इतकी वर्षे मोकळी होती. आता तेथे दुमजली घर झाले असून त्याच्या वरच्या मजल्यावरील सज्जा थेट आमच्या बागेवर येतो. भिंतीलगत ६० सेंटिमीटर रुंदीची मातीची पट्टी आहे आणि तिला सकाळपासून दुपारपर्यंत ऊन मिळते. भिंतीपासून सहा मीटरवर, पडवीसमोरच्या बाकावर आम्ही दोघे रोज संध्याकाळी बसतो, पण आता तेथे बसणे अवघडल्यासारखे होते. एका रोपवाटिकेने उभा अशोक सुचवला, दुसरीने कोनोकार्पस, तिसरीने कामिनीची दाट रांग. पत्नीला गुलाबी कण्हेर हवी आहे. बागेच्या कोपऱ्यात लिंबाचे जुने झाड आहे आणि दोन वर्षांचा नातू दिवसभर बागेत खेळत असतो. लवकर वाढणारे, बारमाही हिरवे आणि फुलणारे असे काय लावावे?

उत्तर: स. न. वि. वि.

आपण पत्रात मापे दिलीत, त्यामुळे उत्तर देणे पुष्कळ सोपे झाले. या विषयावरच्या बहुतेक पत्रांत फक्त झाडाचे नाव विचारलेले असते; परंतु किती उंचीचा, किती रुंदीचा आणि नेमका कोठे आडोसा हवा हे ठरल्याशिवाय झाडाचे नाव सांगणे म्हणजे अंदाजाने बाण मारणे होय. म्हणून रोपवाटिकांनी सुचविलेल्या नावांकडे वळण्यापूर्वी आपण प्रथम नजरेची रेषा पाहू.

आपला बाक भिंतीपासून सहा मीटरवर आहे. नवा सज्जा भिंतीच्या पलीकडे साधारण चार मीटरवर असेल असे धरले, तर बाक आणि सज्जा यांच्यात सुमारे दहा मीटर अंतर होते. वरच्या मजल्यावर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण साडेचार मीटर उंचीवर असतात, तर बाकावर बसलेल्या माणसाचे डोके सव्वा मीटरच्या आसपास असते. या दोन बिंदूंना जोडणारी तिरपी रेषा कल्पिली, तर ती कुंपणभिंतीच्या जागी जमिनीपासून सुमारे ३.२ मीटर उंचीवरून जाते. म्हणजे भिंतीलगत लावलेले झाड सव्वातीन मीटर उंच आणि तेवढ्या उंचीवरही दाट होईपर्यंत आपल्याला त्याचा काहीही उपयोग नाही. हीच रेषा बाकापासून दीड मीटरवर मात्र जेमतेम १.७ मीटर उंचीवर असते. तेथे माणसाएवढ्या उंचीचे झुडूपही सज्जा पूर्ण झाकते, आणि तेच झुडूप सव्वादोन मीटरपर्यंत वाढू दिले, तर बाकाजवळ उभे राहिलेल्या माणसालाही पुरेसा आडोसा मिळतो. रुंदीचेही तसेच आहे. सज्जा तीन मीटर रुंद आणि बाक दीड मीटर लांब असला, तर भिंतीपाशी जवळजवळ अडीच मीटर रुंदीचा पडदा लागतो, पण बाकाजवळ पावणेदोन मीटर रुंदीत काम भागते.

आपली सर्व अंतरे माझ्या अंदाजाशी तंतोतंत जुळतील असे नाही, म्हणून रोपे आणण्यापूर्वी एक सोपी चाचणी करावी. घरातील एकाने संध्याकाळी नेहमीच्या वेळी बाकावर बसावे आणि दुसऱ्याने समोर दीड मीटरवर एक उंच काठी उभी धरून तिच्यावर फडके खालीवर सरकवावे. बसलेल्याला सज्जाचा कठडा आणि त्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या डोक्याएवढा भाग ज्या उंचीला फडक्याआड जातो, ती आपल्या झुडपाची किमान उंची. काठी डावीउजवीकडे नेऊन रुंदीही अशीच ठरवावी. हीच चाचणी भिंतीजवळ केली की दोन जागांमधला फरक आपल्याला आकड्यांवाचून पटेल.

भिंतीची पट्टी मोकळी सोडावी असे मात्र मी म्हणत नाही. शेजारच्या तळमजल्यावरील खिडकीतून किंवा अंगणातून येणारी नजर भिंतीच्या माथ्यावरूनच येते आणि तिच्यासाठी भिंतीपाशी १.७ ते १.८ मीटर उंचीची हिरवी ओळ पुरते, म्हणजे भिंतीच्या वर केवळ फूटभर. अशा रीतीने आपले काम दोन भागांत विभागले जाते: बाकाजवळ सव्वादोन मीटरपर्यंतचा झुडपांचा एक लहान गट आणि भिंतीलगत हाताच्या उंचीत राहणारी, फारशी जाड नसलेली ओळ. तीन-चार मीटर उंचीची अखंड हिरवी भिंत या योजनेत कोठेच लागत नाही. ती नको असणे हीच सोय आहे, कारण अडीच मीटरच्या वरचे कुंपण छाटायला दर वेळी शिडी लागते, आणि शिडी लागली की छाटणी लांबणीवर पडते.

आता सुचविल्या गेलेल्या झाडांविषयी. उभा अशोक अरुंद जागेत मावतो हे खरे आहे आणि म्हणूनच तो सर्रास सुचवला जातो. परंतु ते मुळात उंच वाढणारे झाड आहे. सव्वातीन मीटर गाठायला त्याला काही वर्षे लागतील, त्यानंतरही ते थांबणार नाही आणि आपल्याला हवा असलेला पडदा हळूहळू आपल्या डोक्यावरून वर जाईल. एकमेकांना खेटून लावलेल्या ओळीत खालच्या फांद्यांना प्रकाश मिळत नाही आणि त्या विरळ होत जातात, म्हणजे नेमका जेथे आडोसा हवा तेथे खोड दिसू लागते. शेंडा छाटून उंची आवरता येते, मात्र ते काम आयुष्यभराचे होते.

कोनोकार्पसचा विचार पूर्णपणे सोडून द्यावा. तो झपाट्याने वाढतो, तोडला तरी फुटतो आणि वर्षभर हिरवा राहतो, इतके गुण असूनही त्याच्याविषयी तक्रारी वाढत गेल्या. पाण्याच्या शोधात दूरवर जाणारी त्याची मुळे जमिनीखालच्या नळांना आणि बांधकामाला उपद्रव देतात आणि त्याच्या परागकणांमुळे ॲलर्जीचा त्रास होतो, अशी कारणे देऊन काही सरकारांनी त्याच्या लागवडीवर बंदीही घातली आहे. ६० सेंटिमीटरच्या पट्टीत, भिंतीच्या पायाशी, त्याला जागा नाही. याच कारणासाठी वड-पिंपळाच्या कुळातील शोभेचे फायकसही तेथे लावू नये. कुंडीत गोंडस दिसणारे ते रोप जमिनीत उतरले की मोठा वृक्ष होण्याच्या मार्गाला लागते.

कामिनी हे कुंपणासाठी माझे आवडते झुडूप आहे. पाने बारीक, चकचकीत आणि दाट, छाटणी सोसण्याची ताकद उत्तम, पांढऱ्या फुलांचा बहर आला की रात्री सुगंध दूरवर जातो. तरीही आपल्या बागेसाठी मी ती सुचवणार नाही आणि त्याचे कारण कोपऱ्यातले लिंबाचे झाड आहे. कामिनी लिंबूवर्गीय झाडांच्याच कुळातली असून सिट्रस सायला नावाची बारीक कीड तिच्या कोवळ्या फुटीवर राहते आणि वाढते. ही कीड लिंबावर गेली, तर नुसता रस शोषून थांबत नाही. लिंबूवर्गीय झाडे हळूहळू निकामी करणारा ग्रीनिंग रोगही तीच पसरवते. वारंवार छाटलेल्या कामिनीला सतत कोवळी फूट येत असते, म्हणजे किडीला बारमाही आश्रय मिळतो. ज्यांच्या बागेत आणि आसपास लिंबू, संत्रे, मोसंबी यांपैकी काहीही नाही, त्यांनी कामिनी खुशाल लावावी.

कण्हेरीबाबत आपल्या पत्नींना नाराज करणे मला भाग आहे. कण्हेर ऊन, वारा, कमी पाणी सगळे सोसते, वर्षातील बराच काळ फुलते, आडोशासाठी ती खरोखर उत्तम आहे. पण तिचे पान, फूल, खोड, चीक असे सर्व भाग विषारी असून त्यांचा परिणाम थेट हृदयावर होतो. पिवळ्या फुलांची कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, तिच्या बिया तर विशेष घातक आहेत. जे दिसेल ते तोंडात घालण्याच्या वयाचे मूल दिवसभर बागेत असताना ही जोखीम घेऊ नये. डुरांटाची सोनेरी गोल फळेही याच कारणाने टाळावीत, कारण मुलांना ती खाण्याजोगी वाटतात आणि ती विषारी असतात. तगर सावली सोसणारी आणि दाट असली, तरी तिलाही पांढरा चीक असतो. नातू थोडा मोठा होईपर्यंत तीही थांबवावी. शेर आणि मोगली एरंड ही शेताच्या बांधावरची कुंपणे आहेत. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, म्हणून घरच्या बागेत त्याला थारा देऊ नये.

आपण "लवकर वाढणारे" अशी अट घातली आहे. जे झाड वर्षात दोन मीटर वाढते, ते दुसऱ्या वर्षी आपल्या सोयीसाठी थांबत नाही. पहिल्या वर्षी वाचवलेला वेळ पुढे दर महिन्याच्या छाटणीत परत द्यावा लागतो. शिवाय घाईने वाढलेली फांदी बहुधा लांब आणि विरळ पानांची असते, तर आडोशाला उंचीइतकीच दाटीची गरज असते. त्यामुळे मध्यम गतीची झुडपे निवडून मधल्या काळाची वेगळी सोय करावी. ती कशी, ते पुढे सांगतो.

बाकासमोरच्या गटासाठी माझी पहिली पसंती जास्वंदीला आहे, पण रोपवाटिकेत समोर मांडलेल्या बुटक्या, मोठ्या रंगीत फुलांच्या संकरित जाती येथे कामाच्या नाहीत. एकेरी लाल फुलाची जुनी जात, किंवा जोमाने वाढणारी दुहेरी जात मागून घ्यावी. ती अडीच मीटरपर्यंत सहज जाते, छाटणीला उत्तम प्रतिसाद देते, नव्या फुटीवर फुलते आणि मुलांच्या दृष्टीने निर्धोक आहे. तीन रोपे सरळ ओळीत न लावता नागमोडी, एकमेकांपासून ८० ते ९० सेंटिमीटरवर लावावीत. अशा मांडणीत एका झुडपातील फट दुसऱ्याने भरून निघते. त्यांच्या पुढे, म्हणजे बाकाच्या बाजूला, एक्झोराची तीन-चार झुडपे लावावीत. एक्झोरा सावकाश वाढते, परंतु जमिनीपासून दाट राहते आणि जास्वंदीचा जो भाग काही वर्षांनी उघडा पडतो, तो बुंधा झाकते. तिला आम्लधर्मी माती मानवते. सिमेंट आणि चुन्याच्या सान्निध्यात लोह मिळेनासे होऊन तिची पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, म्हणून ती भिंतीपाशी कुढते पण भिंतीपासून दूर, बाकाजवळ, चांगली होते.

जास्वंदीचा मोठा दोष म्हणजे पिठ्या ढेकूण. कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर दिसला की तो शेंडा लगेच खुडून पिशवीत बंद करून टाकावा आणि उरलेल्या भागावर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. बुंध्याशी मुंग्यांची रांग दिसली तर अधिक सावध व्हावे, कारण मुंग्या या किडीच्या गोड स्रावासाठी तिचे रक्षण करतात आणि तिला एका फांदीवरून दुसरीवर नेतात. आठवड्यातून एकदा पाने उलटून पाहण्याची सवय असली, तर औषध फवारण्याची वेळ क्वचितच येते.

भिंतीची पट्टी ६० सेंटिमीटरची आहे आणि आपल्या प्रश्नातील खरी अडचण तीच आहे. कोणत्याही झुडपाचे कुंपण नीट राखले तरी ६० ते ७५ सेंटिमीटर जाड होते आणि रोप भिंतीपासून किमान ३५ ते ४० सेंटिमीटरवर असावे लागते. पट्टीत बारा मीटर लांब झुडपांची रांग लावली, तर तिचा काही भाग पट्टीबाहेर पायवाटेवर येईल. म्हणून पट्टीच्या मधल्या चार-पाच मीटरमध्ये वेल चढवावा आणि दोन्ही टोकांना जेथे पट्टी बागेच्या बाजूने मीटरभर रुंद करता येत असेल, तेथे झुडपे लावावीत. एका टोकाला, जेथे ऊन अधिक मिळते, हमेलिया घ्यावी; तिची केशरी नळीसारखी फुले जवळजवळ वर्षभर येतात आणि त्यांच्यासाठी शिंजीर पक्षी नित्य हजेरी लावतात. सावलीच्या टोकाला अडुळसा लावावा. अडुळशाला कोणी शोभेचे झाड मानत नाही, हे मला अन्यायाचे वाटते. तो सदाहरित आहे, हलक्या मातीत आणि अर्ध्या सावलीत तग धरतो, फांदीपासून सहज रुजतो, दोन मीटरच्या आसपास आपण होऊन थांबतो आणि त्याची पांढरी फुले मधमाश्यांना फार आवडतात. आपल्याला जे हवे आहे ते सगळे त्याच्यात आहे.

वेल निवडताना तो चढतो कसा हे आधी पाहावे. जाई आणि गोकर्ण हे आधाराभोवती गुंडाळत जाणारे वेल आहेत, त्यांना उभ्या तारा पुरतात. कृष्णकमळ तणाव्यांनी, म्हणजे गुंडाळत जाणाऱ्या बारीक तंतूंनी, पकडते, त्याला पेन्सिलीहून जाड आधार पकडता येत नाही, म्हणून जाळी लागते. बोगनवेल यांपैकी काहीच करत नाही. ती काट्यांच्या आधाराने रेलते, म्हणून तिला दर वाढीला बांधावे लागते. बोगनवेलीला भरपूर, थेट ऊन लागते, अर्ध्या दिवसाच्या उन्हात ती पाने भरपूर आणि रंग बेताचा देते. तिचे काटे आणि आपला नातू यांचाही मेळ बसणार नाही. मधुमालती सुंदर आहे, तिची फुले संध्याकाळी पांढरी उमलतात आणि मग गुलाबी व लाल होत जातात; परंतु ती काही वर्षांत जाड खोडाची, अतिशय वजनदार होते आणि हलकी जाळी वाकवून टाकते. कृष्णकमळ लावल्यास त्याच्या पानांवर काटेरी सुरवंट येऊन वेलाचा मोठा भाग निष्पर्ण करू शकतात. ती एका नारिंगी फुलपाखराची पिल्ले असतात, ज्यांना फुलपाखरे हवीत त्यांनी हा वेल आनंदाने लावावा, पण आडोसा म्हणून त्याच्यावर विसंबू नये.

आपल्यासाठी जाई योग्य ठरेल. ती हलकी आहे, सुगंधी आहे आणि अर्ध्या दिवसाच्या उन्हावर फुलते. भिंतीच्या माथ्यापासून ४० ते ५० सेंटिमीटर वर जाईल अशी गंजरोधक जाळी, भिंतीपासून पाच ते दहा सेंटिमीटर पुढे बसवावी, म्हणजे मागे हवा खेळती राहते आणि वेलाला गुंडाळायला जागा मिळते. जाळी जितकी उंच आणि वेल जितका दाट, तितका तिच्यावर वाऱ्याचा दाब अधिक येतो, म्हणून खांब जमिनीत पक्के करावेत, जुन्या भिंतीच्या माथ्यावर नुसते खिळवू नयेत. कुंपणावर उंची वाढवण्याला आपल्या गावच्या किंवा वसाहतीच्या नियमांची मर्यादा असू शकते, ती आधी विचारून घ्यावी. जाई पहिल्या वर्षी मुळे बसवण्यातच वेळ घालवते, त्यामुळे तिच्याबरोबर त्याच जाळीवर गोकर्णाच्या बिया टोचाव्यात. गोकर्ण एका हंगामात दोन-अडीच मीटर चढून निळ्या फुलांनी जाळी भरते, शेंगवर्गीय असल्याने मुळांवरील गाठींतून मातीत नत्र स्थिर करते आणि जाई जोर धरू लागली की काढून टाकता येते. तिच्या शेंगा व बिया मात्र नातवाच्या हाती लागण्यापूर्वी तोडत जाव्यात.

आपण विचारले नाही, तरी कोणीतरी बांबू नक्की सुचवील, म्हणून दोन शब्द. बांबूचे दोन प्रकार असतात: एक बेटाने वाढणारा आणि दुसरा जमिनीखालून धावणारा. धावणारा बांबू शेजाऱ्याच्या अंगणात फुटतो आणि त्याला आवरण्यासाठी जमिनीत ६० ते ७५ सेंटिमीटर खोल पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा अडथळा घालावा लागतो; तो लावूच नये. बेटाचा बांबू सुरक्षित आहे, पण त्याचे बेट दर वर्षी रुंद होत जाते आणि ६० सेंटिमीटरच्या पट्टीत ते फार काळ मावणार नाही. बांबूची नवी काठी जमिनीतून पूर्ण जाडीनिशीच वर येते आणि एकाच हंगामात आपली पूर्ण उंची गाठते, त्यामुळे उंची हवी आणि जागा गोल असेल, तर त्याच्याइतका त्वरित उपाय दुसरा नाही. आपल्याकडे जागा लांबट आहे.

लागवडीत सर्वांत जास्त कष्ट मातीवर घ्यावेत. भिंतीच्या कडेची माती बहुधा बांधकामाच्या राडारोड्याने भरलेली असते, विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि चुना त्यात सापडतो. सुटे खड्डे घेण्याऐवजी ४५ सेंटिमीटर खोल सलग चर काढून राडारोडा फेकून द्यावा आणि चांगली माती, कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट भरावे. भिंतीचा पाया उघडा पडणार नाही एवढे भान ठेवून खोदावे. रोपे मोठी घेण्याचा मोह टाळावा. पिशवीत वर्षानुवर्षे राहून मुळांचा गोल वेढा पडलेले दीड मीटरचे रोप जमिनीत गेल्यावर बराच काळ थिजून राहते, तर ६० सेंटिमीटरचे तरतरीत रोप लवकर जम बसवते आणि बहुधा त्याला गाठते. विकत घेताना पिशवीच्या तळाकडे पाहावे. जाड मुळे बाहेर येऊन गुंडाळलेली असली, तर ते रोप सोडून द्यावे. पहिली दोन वर्षे रोज थोडे पाणी शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा खोलवर मुरेल इतके पाणी द्यावे, आणि बुंध्यापासून थोडे अंतर सोडून पाच ते सात सेंटिमीटर जाडीचे पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे.

यानंतरचे काम बहुतेकांना जिवावर येते. रोपे लावल्यावर महिना-दीड महिन्यात, नवी फूट दिसू लागली की, त्यांची एक तृतीयांश उंची छाटून टाकावी. हे वाचून आपण थबकाल, कारण उंची हवी असताना उंचीच कापायची. शेंड्यात तयार होणारे संप्रेरक खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा गेला की ते डोळे जागे होतात आणि एका खोडाच्या जागी चार-पाच फांद्या जमिनीजवळून निघतात. ही दाटी पहिल्या वर्षीच मिळवावी लागते. उंची गाठू दिली आणि मग खाली फांद्या नाहीत म्हणून छाटायला घेतले, तर जास्वंद व अडुळसा खालून पुन्हा फुटतात, पण मोरपंखीसारखी झाडे तशी फुटत नाहीत. तिच्या पाने नसलेल्या तपकिरी भागापर्यंत कात्री गेली की तेथे कायमची उघडी जागा राहते. पहिल्या वर्षी आपल्या झुडपांची दर वेळी फूटभर वाढ झाली की त्यांचे शेंडे खुडावेत, म्हणजे झुडूप पायरीपायरीने उंच आणि भरीव होते.

झुडपांचा आकार घडवताना पाया रुंद आणि माथा किंचित अरुंद ठेवावा. बहुतेक घरी नेमके उलट होते, कारण उभ्याने कात्री चालवताना वरची वाढ दिसत नाही आणि माथा पसरतो. रुंद माथ्याची सावली खालच्या पानांवर पडते, ती गळतात आणि दोन-तीन वर्षांत हिरव्या छत्रीखाली काटक्यांचे सांगाडे उरतात. फुले आणि काटेकोर आकार दोन्ही एकदम मिळत नाहीत, हेही मान्य करावे. दर पंधरा दिवसांनी सपाट कात्री फिरवली, तर कळ्याच कापल्या जातात. आपल्याला भिंत घडवायची नसून दृष्टी अडवायची आहे, म्हणून वर्षातून दोन किंवा तीन वेळा, एकेक लांब फांदी आतल्या गाठीपासून काढून टाकणारी छाटणी करावी. झुडूप थोडे विस्कटलेले दिसेल आणि फुलेल.

झुडपे उंच होईपर्यंतच्या काळासाठी बाकाजवळ, ठरलेल्या जागेच्या थोडे पुढे, दोन खांबांमध्ये बांबूच्या कामट्यांचा पडदा (चिक) किंवा हिरवी जाळी लावावी. हिरव्या जाळीवर ५०, ७५ असे जे टक्के लिहिलेले असतात, ते ती किती प्रकाश अडवते हे सांगतात. आडोशासाठी ७५ टक्क्यांची पुरते. जाळी रोपांवर मात्र सावली पाडत राहणार नाही अशी बांधावी, कारण उन्हावाचून झुडपे लांबट आणि विरळ होतील. रात्रीच्या वेळचा मुद्दा वेगळा आहे. घरात दिवे लागले आणि बाहेर अंधार असला की पानांच्या फटींतूनही खोल्यांमधले सारे दिसते, त्यावर खिडकीचा पडदा हाच उपाय आहे. त्याचप्रमाणे झुडपांमुळे शेजारचा आवाज कमी होईल अशी अपेक्षाही ठेवू नये. आवाज खरोखर अडवण्यासाठी कित्येक मीटर जाडीची दाट झाडी लागते. एका ओळीने बोलणारे दिसेनासे होतात, बोलणे ऐकू येतच राहते.

शेजाऱ्यांना आधी सांगावे. आपल्या योजनेतील मुख्य झुडपे बाकाजवळ असल्याने त्यांचा उजेड अडत नाही आणि पाचोळाही त्यांच्याकडे पडत नाही, हे सांगितले तर जाळी बसवताना त्यांच्या बाजूने काम करण्याची परवानगी सहज मिळेल. जाईचे फुटवे भिंतीपलीकडे जातील ते वेळच्या वेळी आपणच आवरावेत.

शेवटी खरेदीबद्दल एक सूचना. प्रत्येक जातीचे एक रोप जास्तीचे घेऊन ते मोठ्या कुंडीत वाढवावे आणि बागेतल्या झुडपांबरोबर त्याचीही छाटणी करावी. पहिल्या दोन वर्षांत ओळीतले एखादे रोप दगावले, तर त्याच वयाचे आणि त्याच आकाराचे दुसरे हाताशी असते. रोपवाटिकेतून नंतर आणलेले लहान रोप शेजारच्या वाढलेल्या झुडपांच्या सावलीत सहसा वर येत नाही.